गुलाबांखालची चीर

“वाजवून घे गं बाई, वाजवून घे. रंगाला भुलून मडकं नेऊ नये आन् गोडीला भुलून सोयरीक करू नये.” आठवडी बाजाराच्या धुळीतून, गुळाच्या नि ओल्या गोणपाटाच्या वासातून केसरबाईचा हा आवाज उठायचा आणि थेट बैलबाजारापर्यंत जायचा. मडक्यांच्या राशीमागं गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या धनाजीला तेव्हा लाज वाटायची. आईनं एवढं ओरडू नये असं वाटायचं. गिऱ्हाइकानं मागो न मागो, ती बोटाचं पेर मुडपून मडक्याच्या पोटावर टकोरा मारायची, मान कलती करायची, आणि मडकं खणकन बोललं की मगच ते दोन्ही हातांनी पुढं धरायची, लेक नांदायला धाडावी तसं. एखादं बद्द बोललं तर तिथल्या तिथं पालथं घालायची. गिऱ्हाईक म्हणायचं, “का गं मावशी, चांगलं तर दिसतंय.” “दिसतंय,” ती म्हणायची, “त्येचंच तर भ्या.” आणि पालथ्या मडक्यावर हात ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाला हाक घालायची.

तो आवाज आज तीस वर्षांनी, कतारमध्ये, दोह्यात, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या जाफरभाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, शुक्रवारच्या दुपारी धनाजीच्या कानात उठला तो उगाच नव्हता. आबिदाभाभी चहा ओतत होत्या. ट्रेमध्ये काचेचे चार ग्लास. धनाजीचा त्यांनी काठोकाठ भरला, लेकीचा, शफाचा भरला, स्वतःचा भरला. आणि जाफरभाईंचा अर्ध्यावर आल्यावर किटली उचलली. चहा संपला नव्हता. किटलीच्या चोचीतून अजून वाफ येत होती, वेलचीचा वास खोलीभर झाला होता. तरी किटली खाली ठेवली गेली, झाकण बसवलं गेलं. जाफरभाईंनी तो अर्धा ग्लास दोन्ही हातांत धरून उचलला. आबिदाभाभींनी नेमकी त्याच वेळी खिडकीकडं नजर वळवली. म्हणजे हे आजचं नव्हतं. या घरात अर्ध्या ग्लासाची सवय कधीची सुरू झाली होती, आणि ती सुरू करणारा समोरच्या सोफ्यावर बसून भरल्या ग्लासातला चहा पीत होता. धनाजीची जीभ भाजली. त्यानं घोट तसाच गिळला.

हात म्हणजे जाफरभाईंचे. इंडस्ट्रियल एरियात दोघं कामाला होते त्या कंपनीच्या गोदामात ते वाक्यच होतं. जुन्या मौल्यवान चीजा एका घरातून दुसऱ्या घरात, एका दालनातून दुसऱ्या दालनात न्यायच्या, त्यांच्यासाठी पेट्या करायच्या, पेट्यांच्या पोटात फोमची गादी कातरायची, हे तिथलं काम. पेट्या धनाजी करायचा. कुंभाराचं पोर सुतारकी शिकून वाळवंटात आलं म्हणून पहिल्याच आठवड्यात जाफरभाई हसले होते, “वा रे वा, गाडगी करायची ती सोडून गाडग्यांचे पाळणे करतोस?” आणि त्या पाळण्यात चीज ठेवायची, काढायची ती जाफरभाईंनी. रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा माणूस. लहानपणी वडलांसोबत होडीतून अंडी न्यायचा म्हणे, भरतीच्या पाण्यातून, आणि एक फुटायचं नाही. बावीस वर्षांत त्यांच्या हातून टवका उडाला नव्हता. उचलण्याआधी ते दोन्ही तळवे एकमेकांवर फिरवायचे, हळू आवाजात बिस्मिल्ला म्हणायचे, आणि मग चीज आपण होऊन त्यांच्याकडं यायची, पाळीव मांजरासारखी. मॅनेजर संजीव नव्या माणसांना सांगायचा, “डू इट लाइक जाफरभाई.” ते हात आता अर्धा ग्लास सांभाळत होते. ग्लासातला चहा हलत होता का? धनाजीनं बघितलं. मग बघायला नको होतं असं वाटलं.

“खाल्लंस नाय तू आज,” जाफरभाई म्हणाले. “हामूर मासळीचं सालन म्हणून तुला मुद्दाम ठेवलंय, आन् तू आपला भात चिवडतोस. सोनमची आठवण आली काय?”

“येणारच की,” आबिदाभाभी म्हणाल्या. “धनाजीभाऊ, सोनमला सांगा, येताना कोकम नको आणू, माझ्याकडं हाय. तिच्या हातची चटणी आण म्हणावं. मागची खोली मी झाडून ठेवलीय. शफाची पुस्तकं काढायची तेवढी राहिलीत.”

“आय विल डू इट, अम्मी,” शफा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

सोनम, त्याची बायको, पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी येणार होती. लग्नाला सहा वर्षं, त्यातली साडेचार धनाजीनं इथं काढलेली. राहायची सोय नाही म्हणून अडलं होतं, तेव्हा जाफरभाईच म्हणाले होते, “माझं घर काय वाळूवर बांधलंय काय? येऊ दे तिला.” धनाजीनं ग्लास टेकवला. कानामागं घाम आला होता. एसी तर थंडगार होता.

तीन आठवड्यांपूर्वी गोदामात एक फुलदाणी आली, तो सोमवार होता. कुठल्या तरी मोठ्या घरातून आलेली, प्रदर्शनाला जायची. दोन हात उंच, काळपट निळ्या पोटाची, आत पोपटी. कानांच्या जागी वळलेल्या फांद्या, आणि पोटावर गुलाब. रंगवलेले नव्हेत, मातीचेच, पाकळी पाकळी बोटानं दाबून चिकटवलेले, एका पानावर इवलीशी गोगलगायसुद्धा. जाफरभाईंनी कागद वाचून दाखवला, “फ्रान्स. अठराशे ऐंशीच्या आसपास. ग्लेझ्ड अर्दनवेअर. अर्दनवेअर म्हणजे काय कळलं काय? तुमचीच माती रे ती, धनाजी. वरून काचेचा झगा घातलाय येवढंच.” मग बॅटरीच्या उजेडात त्यांनी ती सगळीकडून तपासली, फोटो काढले, गोगलगायीच्या शिंगाचा जुना टवका कागदावर लाल शाईनं दाखवला, आणि खाली लिहिलं, सुस्थितीत. जुम्याच्या नमाजासारखं मन लावून करायचे ते हे काम. उजेडाला जे दिसतं ते सगळं त्यांनी बघितलं होतं. त्यात त्यांची कसूर नव्हती, हे धनाजीनं गेल्या तीन आठवड्यांत स्वतःला किती वेळा सांगितलं होतं. आणि दर वेळी त्यातून एकच गोष्ट उरायची, की मग कसूर कुणाची होती.

दुपारी जाफरभाई नमाजाला गेले. धनाजी फोम कातरण्यासाठी बुडाचं माप घेत होता. फुलदाणी गादीवर आडवी होती, हातात पांढरे मोजे होते. आणि बुडाला काचेचा झगा नव्हता. तिथं नुसती माती होती, भाजलेली, फिकट तांबूस. चाकावरून दोऱ्यानं कापून काढल्याच्या गोल गोल रेघा, केसरबाईच्या मडक्यांना असायच्या तशाच, आणि कडेला एका अंगठ्याचा ठसा. ओलं भांडं उचलताना कुणाचा तरी अंगठा रुतला होता. दीडशे वर्षं होत आली, तो माणूस माती होऊन गेला, त्याचा देश धनाजीनं बघितला नाही, त्याची बोली त्याला कळली नसती. पण त्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला असता तर बसला असता. किती तरी वेळ तो बघत राहिला. गावाकडं आवा विझला की पहाटे राखेतून मडकी काढताना आई गुणगुणायची ती ओवी त्याच्या ओठांवर आली,

मातीचं गं माझं बाळ आव्यामंदी जळं,
फुटलं का तगलं ते वाजवल्या कळं.

आणि मग त्यानं मोजा काढला. असं नव्हे की ठरवून काढला. दारात कुंकू लावलेली बाई दिसली की आईचा हात आपोआप करंड्याकडं जायचा, तसा तो निघाला. बिनमोज्याचा हात लावला तर त्याच दिवशी परतीचं तिकीट, हे भिंतीवर चार भाषांत लिहिलेलं होतं. त्यानं अंगठा ठशावर ठेवला. बसला. मग फुलदाणी उभी केली, बोटाचं पेर मुडपलं, मान कलती केली, आणि निळ्या पोटावर टकोरा मारला.

बद्द.

त्यानं पुन्हा मारला, जरा वर, फांदीच्या कानाशी. खणकन. मग खाली, गुलाबांच्या शेजारी. बद्द. चीर गुलाबांखाली होती. वाळतानाच पडलेली असणार. त्या अंगठेवाल्यानं ती बघितली असेल, आणि टाकून द्यायच्या ऐवजी वर गुलाब चिकटवले असतील? असले दिसण्याचे धंदे माणसं सगळीकडं करत असतील. की चीर नंतरची होती? कोण जाणे. बाहेर नमाजावरून परतणाऱ्यांच्या चपला वाजल्या, आणि धनाजीनं मोजा चढवला. जाफरभाई आत आले, तोंडावरचा घाम पुसत म्हणाले, “काय रे, लग्न ठरवतोयस काय तिच्याशी? कधीचा बघतोस.” तेव्हा बोलायचं होतं. भाई, ही बद्द वाजतीय, हिला एकट्यानं धरू नका, खालून दोघांनी मिळून उचलू. एवढंच. पण एवढं म्हणायचं तर आधी म्हणावं लागलं असतं की मी वाजवली. मोजा काढून वाजवली. तो हसला. म्हणाला, “हिच्यासारखी मिळाली आसती तर गावाकडं पेटीतनंच न्यावी लागली आसती.” दोघंही हसले. पेटीची गादी मात्र त्यानं त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन बोटं जाड केली. जणू चिरेला गादी लागते.

दुसऱ्या दिवशी, प्रदर्शनाच्या दालनात, चारजणांसमोर, जाफरभाईंनी तळव्यावर तळवा फिरवला, एक हात बुडाखाली घातला, एक पोटाशी लावला, आणि फुलदाणी पेटीतून उचलली. मोठा आवाज झालाच नाही. पिकलेलं सीताफळ हातात उकलावं तशी ती उकलली. बूड त्यांच्या तळव्यावर राहिलं आणि गुलाब गादीवर, जमिनीवर, कुणाच्या तरी बुटावर. गोगलगायीचं पान घरंगळत धनाजीच्या पायाशी आलं. जाफरभाई हातात बूड धरून तसेच उभे राहिले. त्यांना ते खाली ठेवायचंही सुचेना. मग सगळे त्यांच्या हातांकडं बघायला लागले. तुकडे गोळा झाले, पेटीत बंद झाले, विमावाले पेटी घेऊन गेले, आणि कागद काढला गेला तर त्यावर लिहिलेलं, सुस्थितीत, जाफरभाईंच्याच अक्षरात. तुकड्यांची कड कुणी बघितली नाही. हात बघितले.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये जाफरभाई खिडकीशी बसले होते. त्यांनी विचारलं, “तू शेजारी होतास. माझा हात हलला काय रे?” आणि धनाजी म्हणाला, “मला दिसलं न्हाई, भाई. मी पेटीकडं बघत होतो.” खोटं नव्हतं म्हटलं तर. खोटं बोलायला हिंमत लागते, ती नसली की माणूस असलं काही तरी बोलतो. हलला न्हाई असं त्यानं म्हटलं असतं तर पुढचा सवाल आलाच असता, मग फुटलं कसं? म्हणून त्यानं त्या माणसाला त्याच्या हातांबद्दल शंकेत ठेवलं. शंका मुंगीसारखी असते. आठवड्यात तिनं वारूळ केलं. जाफरभाई स्क्रू उचलताना थांबायला लागले. रस्ता ओलांडताना हात खिशात घालायला लागले. दवाखान्यात जाऊन आले, डॉक्टर म्हणाला, काही नाही, तर म्हणाले, “त्याला काय कळतंय.” आणि आता अर्धा ग्लास.

गेल्या रविवारी धनाजीनं गावी फोन लावला होता. केसरबाईला आता नीट दिसत नाही, चाक कधीच बंद झालंय, पण कान तसेच. हवा कशी, जेवलास का, सोनमची तयारी झाली का, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, “धना, काय झालंय रं? तुजा आवाज बद्द येतोय.” नेटवर्क खराब हाय, असं तो म्हणाला. “न्हाई बाबा,” ती म्हणाली, “फोन खणखणीत हाय.” मग तिनं पुढं विचारलं नाही. तिची ती जुनी रीत. पालथं घालायची आणि हात ठेवून बसायची. फोन ठेवल्यावर खोलीतल्या सहा बाजांमधल्या आपल्या बाजेवर तो भिंतीकडं तोंड करून पडला, आणि आईनं पूर्वी कधी तरी, वडील गेल्यानंतरच्या दिवसांत, माती मळताना म्हटलेली ओवी त्याला एक एक शब्द करून आठवत गेली,

मडक्याची मुकी चीर पान्याला गं ठावी,
मनाची गं मुकी चीर कुनाला दावावी.

“शफा, तो कागद आण गं,” जाफरभाई म्हणाले.

शफानं आतून एक छापलेला कागद आणला, इंग्रजीत. तिनंच टाइप केला होता. रविवारी सही करून संजीवच्या हातात द्यायचा होता. “वाच, धनाजीकाकाला कळेल असं.” ती अडखळत मराठीत सांगायला लागली, अधूनमधून इंग्रजीत घसरत, “अब्बा म्हणतात की... त्यांच्या हातांना ट्रेमर आहे, वयामुळं. त्यांनी ते कंपनीला सांगितलं नव्हतं. सो ब्रेकेज इज हिज फॉल्ट. आणि ते हँडलिंगचं काम आता करणार नाहीत.” मग कागद खाली करून म्हणाली, “बट यू डोंट हॅव अ ट्रेमर, अब्बा. डॉक्टरनं सांगितलंय.”

“तू गप. डॉक्टरनं उचलली नव्हती ती, मी उचलली होती.” जाफरभाईंनी कागद घेऊन गुडघ्यावर ठेवला, घडी हातानं सपाट केली. “संजीव म्हणाला, असं लिवून दिलं की फाइल खलास होते. गेटवर रजिस्टर लिवायचं काम देतोय. शफाची दहावी होईपर्यंत गेट तर गेट. मग जाऊ गावाला.” त्यांनी धनाजीकडं बघितलं, आणि लाजल्यासारखं विचारलं, “एक सांग. त्या दिवशी मी बिस्मिल्ला म्हटलं होतं काय रे? मला आठवतच नाय. झोपच लागत नाय त्या पायी. बावीस वर्षं म्हणतोय, त्याच दिवशी राहिलं असलं तर?”

“म्हटलं होतं,” धनाजी म्हणाला. “मी ऐकलं.”

“खरं?”

“आईशपथ, भाई. मी शेजारी होतो. ऐकलं.”

जाफरभाईंचा चेहरा असा सैल झाला की धनाजीला तो बघवेना. एवढ्यावर माणसाचं निभावतं. एवढंसं त्यांना तीन आठवड्यांपूर्वी देता आलं असतं, आणि बाकीचंही. आबिदाभाभी पाणी आणायला उठल्या. बाल्कनीच्या दाराशी तिवईवर माठ होता. गेल्या वर्षी सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्या दिवशी दुकानदार डोक्याला हात लावून बसला होता, कारण धनाजीनं एकामागून एक सात माठ वाजवले होते आणि सातवा घेतला होता, जाफरभाई दुकानात उभे राहून पोट धरून हसले होते, आणि दुकानदाराला म्हणाले होते, “शुक्रन, भाई, शुक्रन, हा डॉक्टर आहे माठांचा.” भाभींनी झाकण काढलं, डाव बुडवला. ओल्या मातीचा वास खोलीत आला. माठाच्या पोटाला थेंब फुटले होते, पण खालची तिवई कोरडी होती.

“वर्ष झालं,” भाभी म्हणाल्या, “एक थेंब कुठं नको तिथं गळला नाय. भाऊंचा कान हाय कान.”

जाफरभाई हसले. पुष्कळ दिवसांनी मोकळं हसले. बिस्मिल्लाचं ओझं उतरलं होतं ना. त्यांनी शफाकडं पेन मागितलं. “रविवारी कशाला, आताच करतो सही. तुझ्यासमोर करतो, धनाजी, म्हणजे मन बदलायला नको.” पेनाचं टोपण काढताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, आणि मग जणू स्वतःलाच गंमत सांगावी तसं म्हणाले, “काय बघ. येवढी मशिनं, बॅटऱ्या, फोटो. तुला नुसती वाजवायला दिली असती ती, तर तू एका टकोऱ्यात सांगितलं असतंस ना रे? पण हात लावायचा नाय म्हणतात. तुझा तरी काय दोष.”

पेनाचं टोक कागदाला टेकलं. धनाजीनं बघितलं, टोक मुळीच हलत नव्हतं. खाडीच्या पाण्यावर होडीत अंडी धरावीत तसा तो हात स्थिर होता, आणि धरणाऱ्यालाच ते ठाऊक नव्हतं. मागची झाडलेली खोली, तिच्यातली न काढलेली पुस्तकं, सोनमची चटणीची बरणी, भिंतीवरच्या चार भाषा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि तिथंच थांबलं. त्यानं हात पुढं केला आणि बोटाचं पेर मुडपून त्या कागदावर, पेनाच्या टोकाशी, एकदा ठोकलं. जाफरभाईंनी वर बघितलं.

“सही करू नका,” धनाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच कुठून तरी बाजारातून आल्यासारखा मोठा वाटला. भाभींच्या हातातला डाव तसाच राहिला, शफानं मोबाइल खाली ठेवला. “तुमचा हात हलला न्हाई, भाई. तवा न्हाई, आताबी न्हाई. विमावाल्यांना म्हणावं तुकड्यांची कड बघा, गुलाबाखालची. आतनं काळी आसंल, चीर जुनी हाय. मला म्हाईत होतं. आदल्या दिशीच म्हाईत होतं. तुम्ही नमाजाला गेला होता तवा मी मोजा काढला आन् वाजवली तिला. बद्द वाजली, जाफरभाई. बद्द वाजली, आन् मी तुमच्या हातात दिली.”